उभ्या गाडीचे ब्रेक का गंजतात?

शेतात चालू असलेल्या नांगराचा फाळ पाहा. मातीत घासून घासून तो आरशासारखा चकाकत असतो. तोच फाळ काम संपल्यावर पडवीत टेकवून ठेवला, की पावसाळा सरेपर्यंत तांबूस होतो. रेल्वे स्थानकावरही असेच दृश्य दिसते. ज्या रुळांवरून रोज गाड्या धावतात त्यांचा माथा चकचकीत असतो. बाजूच्या ज्या फाट्यावर महिनोन्‌महिने एखादा डबाही फिरकत नाही, त्या रुळांचा माथा मात्र तांबडा असतो. धातू तोच, हवा तीच आणि पाऊसही तोच. फरक एवढाच, की एका ठिकाणी घासण्याची क्रिया सतत चालू असते आणि दुसऱ्या ठिकाणी ती थांबलेली असते.

मोटारगाडीच्या ब्रेकची गोष्ट या फाळासारखीच आहे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा असंख्य मोटारी जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांतील काहींवरून पुढे सबंध पावसाळाही गेला. अशी फार दिवस उभी राहिलेली गाडी बाहेर काढताना पुष्कळदा एक चमत्कारिक अनुभव येतो. इंजिन सुरू होते, गिअर पडतो, पण गाडी जागची हलत नाही. हललीच तर चाकांतून खरखर असा आवाज येतो आणि पहिला ब्रेक नेहमीसारखा लागत नाही. गाडीचा दिवा बंद पडला तर खोळंबा होतो. पण ब्रेकने दगा दिला तर जिवावर बेतते. म्हणून या गंजाचे शास्त्र नीट समजावून घेणे अगत्याचे आहे.

ब्रेक काय काम करतो?

धावत्या गाडीत गतिज ऊर्जा असते. वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणून निम्मे केले, की ती मिळते. १,००० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजेच सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा २,००,००० जूल भरते. गाडी थांबवायची म्हणजे ही ऊर्जा कोठेतरी गेली पाहिजे, कारण ऊर्जा नाहीशी होत नाही. ब्रेक या ऊर्जेचे घर्षणाने उष्णतेत रूपांतर करतो. ही उष्णता किती असते? खोलीच्या तापमानाचे, म्हणजे २५ अंश सेल्सिअसचे सुमारे ६०० मिलिलिटर पाणी तेवढ्या उष्णतेने उकळू लागेल! आणि हे सारे अवघ्या काही सेकंदांत घडते. वेग दुप्पट झाला तर ही उष्णता चौपट होते.

आजच्या बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांना चकतीचे, म्हणजे डिस्क ब्रेक असतात. चाकाबरोबर लोखंडाची एक जाड चकती फिरत असते. तिच्या दोन्ही बाजूंना, चकतीला अगदी खेटून, घर्षण करणारे दोन पॅड असतात. कॅलिपर नावाच्या चिमट्यात ते बसविलेले असतात. आपण पायाने ब्रेक दाबला, की नळीतील द्रवाचा दाब दट्ट्यांवर येतो आणि पॅड चकतीला दोन्ही बाजूंनी आवळतात. द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही शिकला आहात. तोच येथे उपयोगी पडतो. पुष्कळ लहान मोटारींच्या मागच्या चाकांना मात्र ड्रम ब्रेक असतात. त्यांत लोखंडी ड्रमच्या आत दोन अर्धगोलाकार ‘शू’ असतात. त्यांच्यावर लायनर बसविलेला असतो. ब्रेक दाबला की शू बाहेरच्या बाजूस फाकतात आणि ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतात.

चकतीला रंग का लावत नाहीत?

लोखंड गंजू नये म्हणून आपण त्याला रंग देतो, तेल लावतो किंवा जस्ताचा मुलामा देतो. मग ब्रेकच्या चकतीला हे का करीत नाहीत? उत्तर सोपे आहे. पॅड ज्या भागावर घासतात तेथे रंग दिला, तर पहिल्या काही ब्रेकांतच तो खरवडला जाईल. तेल लावले तर घर्षणच नाहीसे होईल आणि गाडी थांबणार नाही. ब्रेकचे सारे काम घर्षणावर चालते, म्हणून त्याची घासणारी पाठ उघडीच ठेवावी लागते.

मग चकती स्टेनलेस स्टीलची का करू नये? मोटारसायकलींच्या चकत्या बहुधा तशाच असतात. पण मोटार जड असते आणि तिच्या ब्रेकमध्ये उष्णता फार निर्माण होते. ही उष्णता चकतीभर लवकर पसरून हवेत निघून गेली पाहिजे. स्टेनलेस स्टील हे उष्णतेचे तितकेसे चांगले वाहक नाही. म्हणून मोटारीची चकती सामान्यतः बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची करतात. या बिडात शेकडा ३ ते ४ कार्बन असतो आणि त्याचा बराचसा भाग ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने लोखंडात विखुरलेला असतो. या पापुद्र्यांमुळे उष्णता चांगली वाहते आणि कंपने शोषली जाऊन आवाज कमी होतो. शिवाय बीड स्वस्त असते व ओतायला सोपे असते. गुण असे अनेक आहेत, पण एक दोषही आहे. बीड चटकन गंजते.

गंज म्हणजे काय?

गंज चढण्यासाठी लोखंडाला ऑक्सिजन आणि पाणी ही दोन्ही लागतात. कोरड्या हवेत खिळा गंजत नाही; उकळून हवा घालविलेल्या आणि वरून तेलाचा थर दिलेल्या पाण्यातही तो गंजत नाही. हा प्रयोग तुम्ही शाळेत केला असेल. घडणारी क्रिया थोडक्यात अशी मांडता येईल:

लोखंड + ऑक्सिजन + पाणी → सजल आयर्न ऑक्साइड (गंज)

पण ही क्रिया एका दमात होत नाही. ती विद्युत्-रासायनिक स्वरूपाची आहे. लोखंडाच्या पृष्ठभागावर काही ठिकाणी लोखंडाचे अणू आपले इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयनांच्या रूपाने पाण्यात उतरतात. ही जागा म्हणजे धनाग्र. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन धातूतून दुसऱ्या जागी जातात आणि तेथे पाणी व विरघळलेला ऑक्सिजन त्यांचा स्वीकार करून हायड्रॉक्साइड आयन बनवितात. ही जागा म्हणजे ऋणाग्र. दोन्ही प्रकारचे आयन पाण्यात एकत्र आले, त्यांना आणखी ऑक्सिजन मिळाला, की तांबूस गंज तयार होतो. थोडक्यात, ओलसर लोखंडावर असंख्य चिमुकले विद्युत्-घट चालू असतात! बिडात तर ग्रॅफाइटचा प्रत्येक पापुद्रा हा आयता ऋणाग्र ठरतो आणि त्याच्या शेजारचे लोखंड झिजते.

गंजाने आकारमानही वाढते. ११२ ग्रॅम लोखंडाचे पूर्ण ऑक्साइड झाले तर त्यात ४८ ग्रॅम ऑक्सिजन मिसळून १६० ग्रॅम फेरिक ऑक्साइड तयार होते. मूळ लोखंडापेक्षा ते दुपटीहून अधिक जागा व्यापते आणि त्यात पाणी मिसळले असेल तर त्याहूनही अधिक. अडचणीच्या जागेत तयार झालेला गंज जणू फुगतो आणि आजूबाजूचे भाग जखडून टाकतो, तो यामुळेच. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

थेंबाचा प्रयोग

केंब्रिजचे शास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स (१८८९–१९८०) यांनी गंजाचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा थेंबाचा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली शाळेच्या प्रयोगशाळेत सहज करता येतो.

१०० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम मीठ विरघळवा. त्यात पोटॅशियम फेरीसायनाइडचे अगदी थोडे कण (सुमारे ०.१ ग्रॅम) आणि फिनॉल्फ्थॅलिनच्या विद्रावाचे काही थेंब टाका. लोखंडी पत्र्याचा एक तुकडा पॉलिशपेपरने स्वच्छ घासा आणि त्यावर या मिश्रणाचा एक मोठा थेंब ठेवा. या विद्रावात अॅसिड मिसळू नये, तो तापवू नये आणि प्रयोगानंतर हात साबणाने धुवावेत.

काही वेळाने थेंबाच्या मध्यभागी निळा रंग दिसू लागतो आणि कडेला गुलाबी. निळा रंग सांगतो, की येथे लोखंड विरघळत आहे. गुलाबी रंग सांगतो, की येथे हायड्रॉक्साइड आयन तयार होत आहेत. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असतो, म्हणून हवेतील ऑक्सिजन तेथे सहज पोहोचतो. मध्यभागी तो कमी पोहोचतो. आता गंमत पाहा. जेथे ऑक्सिजन कमी, तेथेच लोखंड झिजते! गंजाचे तांबूस कडे मात्र या दोन भागांच्या मधोमध उमटते. म्हणजे गंज दिसतो एकीकडे आणि खड्डा पडतो दुसरीकडे.

पाऊस नसतानाही गंज कसा?

गाडी छपराखाली उभी होती, तिच्यावर थेंबही पडला नाही, तरी चकती तांबडी कशी झाली, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण दव. ३० अंश तापमानाची हवा एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम बाष्प सामावून घेऊ शकते. २० अंशांना मात्र तिच्यात सुमारे १७ ग्रॅमच मावते. रात्री गार झालेली बिडाची जड चकती सकाळी लवकर तापत नाही. दमट, उबदार हवा तिला लागली की जादा बाष्प पाण्याच्या रूपाने तिच्यावर जमते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटते ना, तसेच. शिवाय थेंब न दिसतासुद्धा हवेच्या ओलाव्याने धातूवर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो. इंग्लंडमधील संशोधक व्हर्नन यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले, की हवेत सल्फर डायऑक्साइडचा थोडासा अंश असला आणि सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या पुढे गेली, की लोखंड गंजण्याचा वेग एकाएकी वाढतो.

दुसरे कारण मीठ. समुद्रकाठच्या वाऱ्यात खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म तुषार असतात. शुद्ध मिठाला पाणी सुटण्यासाठी सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता लागते. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढून घेते. म्हणून मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत धातूवर बसलेला खारा थर क्वचितच पूर्ण कोरडा होतो. त्यात आयन असल्यामुळे वीज सहज वाहते आणि ते चिमुकले विद्युत्-घट जोरात चालतात. साताऱ्या-सोलापूरकडे उभी असलेली गाडी त्या मानाने सुखी!

ब्रेक चिकटतात कसे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गाडी धुतली किंवा पावसातून आणली आणि तशीच हँडब्रेक ओढून महिनाभर उभी केली, असे समजा. हँडब्रेक सामान्यतः मागच्या चाकांवर चालतो. ड्रमच्या आत शू भिंतीला टेकून राहतात. लायनर सच्छिद्र असल्याने तो पाणी धरून ठेवतो. ड्रम बंदिस्त, म्हणून ओल लवकर जात नाही. लायनरखाली दबलेल्या जागी ऑक्सिजन कमी पोहोचतो आणि कडेला जास्त. थेंबाच्या प्रयोगातील तीच परिस्थिती! लोखंड आत झिजते, गंज तयार होतो, फुगतो आणि लायनरच्या बारीक छिद्रांत शिरून घट्ट बसतो. दोन विटांमध्ये सिमेंट भरावे, तसा गंज लायनर आणि ड्रम यांना सांधतो. चकतीच्या ब्रेकमध्येही असेच होते. पॅड जेथे टेकलेला असतो तेथे त्याच्या आकाराचा गडद डाग उमटतो. हँडब्रेकची तार आणि कॅलिपरच्या सरकत्या पिनाही गंजाने जखडतात, आणि मग ब्रेक सोडला तरी पॅड मागे सरत नाहीत.

उपाय कोणते?

गंजाचे स्वरूप पाहून उपाय ठरवावा लागतो.

१. वरवरचा गंज. रात्रीच्या पावसानंतर सकाळी दिसणारा नारिंगी थर केसापेक्षाही पातळ असतो. पॅड स्वतःच तो खरवडून काढतात. मोकळ्या, सपाट जागी गाडी अगदी हळू चालवून चार-सहा वेळा हलकेच ब्रेक लावला, की खरखर थांबते. हे काम रहदारीत करू नये. गंजलेल्या चकतीवर घर्षण कधी कमी, तर कधी अचानक जास्त होते आणि डाव्या-उजव्या चाकांवर ते सारखे नसते. त्यामुळे गाडी एका बाजूला ओढली जाते.

२. चिकटलेला ब्रेक. गाडी हलली नाही, तर जोराने ॲक्सिलरेटर दाबू नये. तसे केल्यास लायनर शूपासून उखडून निघण्याची भीती असते. हँडब्रेक सोडून, गाडी हलकेच एकदा पुढे, एकदा मागे सरकवून पाहावी. ‘टक्’ असा आवाज होऊन चाक सुटले तर ठीक. न सुटल्यास मेकॅनिकला बोलवावे. गाडीच्या पुढे-मागे त्या वेळी कोणीही, विशेषतः लहान मुले, उभी राहू देऊ नयेत.

३. खोल गंज. थोडे अंतर चालवूनही आवाज जात नसेल, ब्रेक लावताना पायाला धक्के जाणवत असतील, किंवा चकतीवर खड्डे दिसत असतील, तर ब्रेक उघडून पाहणे भाग आहे. चकतीची जाडी मायक्रोमीटरने मोजतात. तिची कमीतकमी जाडी किती असावी, हे बहुधा चकतीवरच कोरलेले असते. पुरेशी जाडी शिल्लक असेल तर लेथवर तिची पाठ सारखी करता येते. नसेल तर चकती बदलावीच लागते. पातळ चकतीत उष्णता साठवायला धातूच कमी असल्याने ती फार तापते.

काही गोष्टी मात्र मुळीच करू नयेत. घासणाऱ्या भागावर तेल, ग्रीस, डिझेल किंवा रॉकेल लावू नये. पॅड ते शोषून घेतात आणि मग ब्रेक लागत नाही. ड्रममधील भुकटी तोंडाने किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये फुप्फुसांना अपायकारक असा ॲस्बेस्टॉस असू शकतो.

गंज चढूच नये यासाठी गाडी धुतल्यावर थोडी चालवून, दोन-चार ब्रेक लावून मगच उभी करावी. घर्षणाच्या उष्णतेने चकती कोरडी होते. फार दिवस उभी ठेवायची असल्यास सपाट जागी, गिअरमध्ये ठेवून, चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे किंवा विटा घट्ट लावाव्यात आणि मगच हँडब्रेक सोडावा. उतारावर मात्र हे करू नये. हवाबंद प्लॅस्टिकऐवजी हवा खेळेल असे आच्छादन घालावे. आठवड्यातून एकदा गाडी थोडी फिरवून आणावी. नुसते इंजिन चालू ठेवल्याने ब्रेकचा गंज जात नाही, कारण चकती फिरतच नाही. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन चालू ठेवणे प्राणघातक ठरू शकते, कारण धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो.

न दिसणारा गंज

ब्रेकच्या नळ्यांतील द्रवाला सारे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. पण ते बहुधा तेल नसून ग्लायकॉल वर्गातील संयुगांचे मिश्रण असते. ते हवेतील बाष्प हळूहळू शोषून घेते. हे पाणी आतून दट्ट्यांना गंज आणते. शिवाय त्यामुळे द्रवाचा उत्कलनबिंदू उतरतो. ‘डॉट ३’ प्रकारच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. शेकडा ३.७ पाणी मिसळले असता तो १४० अंशांपर्यंत उतरला तरी प्रमाणात बसतो. घाटात सतत ब्रेक लावल्यावर असा द्रव उकळला, तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग पायाखालचा ब्रेक नुसताच खाली जातो. म्हणून गाडी कमी चालली असली तरी सामान्यतः दर दोन वर्षांनी हा द्रव बदलतात.

विजेवर चालणाऱ्या मोटारींमुळे या जुन्या प्रश्नाला नवे वळण मिळाले आहे. या गाड्यांचा वेग कमी करताना मोटरच जनित्रासारखी चालते आणि गतिज ऊर्जेचा मोठा भाग विजेच्या रूपाने बॅटरीत परत जातो. पॅड चकतीला क्वचितच घासतात. साहजिकच गाडी रोज चालत असूनही तिची चकती गंजू शकते! म्हणूनच अशा काही गाड्यांच्या मागच्या चाकांना पुन्हा बंदिस्त ड्रम ब्रेक देण्यात आले आहेत.

उद्या पाऊस पडून गेल्यावर रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारींच्या चाकांच्या फटींतून चकत्या पाहा. कोणती चकती चकचकीत आहे, कोणती नारिंगी, कोणती गडद तपकिरी आणि खड्डे पडलेली, याची नोंद करा. कोणती गाडी रोज धावते आणि कोणती बरेच दिवस उभी आहे, हे त्यावरून ओळखता येते का ते पाहा. तुमच्या घरची गाडी त्यांत असेल, तर पाहिलेले वडीलधाऱ्यांच्या कानावर अवश्य घाला.